झिरोचा बल्ब फुकट जळत नाही

‘झिरोचा बल्ब आहे हो, त्याला वीज लागतच नाही.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी थबकतही नाही. देवघरातला लाल दिवा, लहान मूल झोपतं त्या खोलीतला हिरवा, जिन्यातला पिवळट. हे रात्रभर जळतात, काही तर दिवसरात्र. बाहेरच्या खोलीतून कुणी उठलं की पाठोपाठ येऊन मोठा दिवा विझवणारी, ‘वीज काय फुकट येते का’ म्हणून मुलांना झापणारी माणसं या छोट्या दिव्याच्या बटणाला कधी हात लावत नाहीत. आजीनं असं म्हटलं तर मी गप्प बसतो. इंजिनिअरिंग केलेला माणूस सोसायटीच्या सभेत उभा राहून जिन्यातल्या दिव्यांबद्दल हेच सांगतो, तेव्हा मात्र बसवत नाही.

दिव्याचं नाव शून्य ठेवलं म्हणून त्याची भूक शून्य होत नाही. तासभर जळलेल्या जुन्या झिरोच्या काचेला बोट लावून बघा. चटका बसेल. ती उष्णता कुठून आली? तारेची कॉइल असलेला हा बल्ब साधारण १२ ते १५ वॅटचा असतो. घरातल्या कोणत्या उपकरणाला किती वीज लागते याचे तक्ते अनेक वीज वितरण कंपन्या ग्राहकांसाठी देतात. त्यांत रात्रीच्या दिव्यासमोर शून्य लिहिलेलं नसतं, १० किंवा १५ वॅट लिहिलेलं असतं.

‘असेना का १५, पंधरा वॅट म्हणजे किती ते!’ हा पुढचा बचाव. इथे कागद-पेन्सिल घ्यावी. १५ वॅटचा दिवा रात्री १० तास जळला तर १५० वॅट-तास खर्च होतात. वर्षाच्या ३६५ रात्री मिळून सुमारे ५५ युनिट. आता ज्या दिव्यावरून मुलांना बोलणी बसतात त्याचा हिशेब करा. बाहेरच्या खोलीतला ९ वॅटचा एलईडी संध्याकाळपासून ६ तास जळला तर ५४ वॅट-तास होतात. म्हणजे ज्याला ‘वीजच लागत नाही’ तो दिवा एका रात्रीत मोठ्या दिव्याच्या पावणेतीनपट वीज खातो. देवघरातला लाल बल्ब २४ तास चालू असेल तर वर्षाला १३१ युनिट होतात. आजकालच्या छोट्या, एका दाराच्या, पाच तारे असलेल्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाचा वापर जवळपास एवढाच छापलेला असतो. म्हणजे देवापुढे एक फ्रिज चालू आहे म्हणायचं.

पैशांचाही एक बारकावा आहे. आपल्याकडे घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटना कमी दर आणि १०१पासून पुढे बराच जास्त. रोज रात्री मुकाट्याने जमा होणारे युनिट महिन्याच्या बेरजेत शेवटी तुम्ही ज्या महागड्या टप्प्यात पोहोचता त्याच दराने पडतात. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरले, तर रात्रीपुरत्या झिरोचे वर्षाला साडेपाचशे आणि देवघरातल्याचे तेराशे रुपये. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा लावला तर दहा तासांच्या हिशेबाने वर्षाला दोन युनिटही होत नाहीत.

एवढं झाल्यावर हुकमी पत्ता बाहेर येतो: ‘वीज घेत असेल, पण मीटरला ती दिसत नाही.’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. विजेचा प्रवाह अगदी बारीक असला तर घर्षणावर मात करून ती हलायला सुरुवात होत नसे. नव्याकोऱ्या, प्रमाणित मीटरला १५ वॅट पुरेसे होते. वर्षानुवर्षं भिंतीवर धूळ खात बसलेलं, झिजलेलं मीटर कदाचित अडत असेल. पण ही सवलत कधी मिळायची? घरात दुसरं काहीही चालू नसेल तेव्हाच. डोक्यावर पंखा फिरत असला, फ्रिज धडधडत असला, की चकती आधीच फिरत असते. तिला नव्याने सुरुवात करायची नसते, थोडा वेग वाढवायचा असतो. मग पंख्याच्या ७५ वॅटमध्ये झिरोचे १५ निमूट मिसळतात आणि मोजले जातात. मे महिन्यात पंखा बंद करून झिरोच्या उजेडात झोपणारं कुटुंब मला तरी माहीत नाही.

आता तर चकतीही गेली. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारं काही नसतंच. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इंप/किलोवॅट-तास’ असं काहीतरी रोमन लिपीत छापलेलं असतं. एका युनिटमागे तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा. फ्रिजचं, इन्व्हर्टरचं, राउटरचं बटणही. फक्त झिरोचा बल्ब ठेवा आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहा. ३२०० चं मीटर असेल तर १५ वॅटला दर ७५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. ज्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याने मीटरवर ठेवावा.

गंमत म्हणजे अगदी लहान प्रवाहाची दखल न घेण्याची एक किमान मर्यादा या मीटरलाही असते. म्हणून अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा, तो एकटाच चालू असेल तर, मीटरच्या नजरेतून सुटू शकतो. झिरोच्या बल्बबद्दलची आख्यायिका खरी ठरली तर ती त्याच्या जागी आलेल्या दिव्याबाबत.

‘पण आमचा झिरो पंधरा वर्षं गेलेला नाही’ अशी एक प्रेमळ तक्रारही असते. बरोबर आहे, आणि तेच त्याच्या उधळेपणाचं लक्षण आहे. कॉइल जितकी जास्त तापेल तितका उजेड पांढरा आणि भरपूर, पण कॉइल लवकर झिजते. कमी तापवली तर ती वर्षानुवर्षं टिकते; मात्र उजेडाऐवजी जवळपास सगळी ऊर्जा न दिसणाऱ्या उष्ण किरणांत जाते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावाच्या अग्निशमन केंद्रात १९०१ सालापासून लागलेला एक बल्ब आहे. ‘पूर्वीच्या वस्तू कशा टिकायच्या’ म्हणून त्याचा फोटो मोबाइलवर फिरत असतो. तो हल्ली जेमतेम चार वॅटच्या रात्रदिव्याइतका मिणमिणतो, हे फोटोखाली कुणी लिहीत नाही.

त्यात झिरो रंगीत असला तर आणखी तोटा. कॉइलमधून सगळे रंग निघतात आणि काचेवरचा लाल रंग बाकीच्यांना अडवून फक्त लाल बाहेर सोडतो. उरलेला उजेड काचेतच जिरतो. लाल एलईडी मुळात लालच उजेड तयार करतो, गाळायचं काही उरत नाही.

या सगळ्या गोंधळाचं मूळ म्हणजे आपण दिवे वॅटमध्ये ओळखतो. ‘साठचा द्या’, ‘शंभरचा लावा’. वॅट म्हणजे दिवा घेतो ती वीज, आणि देतो तो उजेड मोजायचा ल्युमेनमध्ये. साठचा कॉइलवाला बल्ब साधारण ७०० ल्युमेन देतो, म्हणजे वॅटला बारा. १५ वॅटचा झिरो तर शंभराच्या आसपास, वॅटला सात. सीएफएल वॅटला ५० ते ७० आणि सध्याचा बरा एलईडी १०० किंवा जास्त. नऊ वॅटचा एलईडी साठच्या बल्बला मागे टाकतो तो असा. एलईडीच्या आत निळा उजेड देणारी चकती असते आणि तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे आपल्याला पांढरा दिसतो. हा निळा उजेड मिळवणं इतकं अवघड होतं की तो मिळवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ट्यूबलाइटवर मात्र लोक अकारण रागावले आहेत असं मला वाटतं. जुनी जाडी ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक ही जोडी खादाड होतीच: चाळीसची म्हणवणारी ट्यूब चोकचे दहा-पंधरा वॅट धरून प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न घेई. पण इलेक्ट्रॉनिक चोकवर चालणारी, बोटाएवढ्या जाडीची २८ वॅटची टी-फाइव्ह ट्यूब वॅटला शंभरच्या जवळपास ल्युमेन देते. साध्या एलईडी बल्बपेक्षा ती मागे नाही. ती धडधाकट असेल तर केवळ ‘एलईडीचा जमाना आहे’ म्हणून भंगारात काढायची घाई नको. गेली की मग एलईडी पट्टी लावा. ट्यूबचा अर्धा उजेड छताकडे नि भिंतीकडे जातो, पट्टीचा बहुतेक सगळा खाली येतो, म्हणून २० वॅटची पट्टी कागदावर कमी ल्युमेनची असूनही खोलीत पुरते.

याच ट्यूबमुळे दुसरा एक गैरसमज जन्मला: ‘सारखी चालू-बंद करू नका, लागताना खूप वीज खाते; त्यापेक्षा चालूच राहू द्या.’ स्टार्टर टकटक करून ट्यूब फडफडायची, ते बघून असं वाटणं स्वाभाविक होतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार सुरुवातीचा वाढीव प्रवाह सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास टिकतो आणि त्यात जाणारी वीज फार तर काही सेकंद दिवा चालवण्याइतकी असते. ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत हे मोजून पाहिलं तेव्हा ट्यूबचा आकडा सर्वांत मोठा निघाला, तोही सुमारे २३ सेकंदांचा. म्हणजे अर्धा मिनिट बाहेर जाणार असाल तरी बंद करणं फायद्याचं. या समजुतीत खरं एवढंच, की वारंवार चालू-बंद केल्याने ट्यूब आणि सीएफएलचं आयुष्य घटतं. म्हणून सीएफएलसाठी तोच विभाग पंधरा मिनिटांचा नियम सांगतो: त्याहून कमी वेळ जाणार असाल तर राहू द्या. एलईडीला हा नियम लागू नाही, खुशाल बटण दाबा.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत उरकता येतील. ‘एलईडी तापत नाही’: तापतो, उष्णता मागच्या बाजूने निघते, म्हणून बंद काचेच्या हंडीत कोंडला तर लवकर जातो. ‘एलईडी पंचवीस हजार तास टिकतो’: आतली चकती टिकेल, पण विजेचा दाब सतत वरखाली होणाऱ्या गावात तिला वीज पुरवणारं सर्किट आधी मान टाकतं. ‘एलईडी श्रीमंतांचे’: २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेच्या खरेदीत ३१० रुपयांचा बल्ब दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला होता. ‘पिवळा उजेड म्हणजे जास्त वीज’: रंग आवडीचा घ्या, फरक किरकोळ आहे. ‘एलईडीने डोळे जातात’: युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार निरोगी माणसाला नेहमीच्या वापरात थेट अपाय झाल्याचा पुरावा नाही, रात्री उशिरापर्यंत पांढरा झगझगाट ठेवला तर झोपेचं चक्र बिघडू शकतं, ही गोष्ट वेगळी.

‘सीएफएल फुटला तर घर विषारी होतं’: त्यात पारा असतो, पण तो सहसा पाच मिलिग्रॅमच्या आत. तापाच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरपट असे आणि तो आपण तोंडात धरत होतो. तरी फुटल्यावर खिडक्या उघडाव्यात, झाडू किंवा व्हॅक्यूम न लावता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत, आणि ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत.

‘बंद केलेला एलईडी अंधारात मिणमिणतो, म्हणजे बल्ब खराब’: बहुतेक वेळा बल्ब चांगला असतो. एक तर बटणातला लाल निशाणी-दिवा स्वतः पेटायला थोडासा प्रवाह पुढे सोडत असतो, नाहीतर वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. पहिलं चालण्यासारखं आहे. दुसरं तेवढं आजच दुरुस्त करून घ्या, कारण बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये वीज जिवंत असते आणि स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला ते माहीत नसतं.