पोटातलं बाळ आणि आईच्या ताटातलं तेल

घरात कुणाला दिवस गेले की लोह, कॅल्शियम, दूध, खजूर या सगळ्यांची चर्चा होते. तेला-तुपाबद्दल मात्र दोनच सल्ले ऐकू येतात. एक, भरपूर तूप खा. दुसरा, वजन वाढेल, तेल कमी कर. आज आपण तेल किती खायचं यापेक्षा कोणतं खायचं, हे बघू.

1929 साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्याने उंदरांना चरबी पूर्णपणे वगळलेला आहार दिला. बाकी पोषण होतं, तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडीवर खपल्या आल्या, प्रजनन बिघडलं. काही मेदाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, हे त्यातून कळलं. ती अन्नातूनच यावी लागतात, म्हणून ती ‘आवश्यक’. माणसासाठी अशी दोन आहेत: ओमेगा-6 गटातलं लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-3 गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल.

यातल्या दुसऱ्यापासून शरीर डीएचए नावाचं मेदाम्ल तयार करतं. मेंदूच्या पेशींची आवरणं आणि डोळ्यातला दृष्टिपटल यांत ते भरपूर असतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आणि डीएचएचा साठाही मुख्यतः तेव्हाच होतो. बाळाला ते स्वतः फारसं बनवता येत नाही. वार आईच्या रक्तातून ते अक्षरशः निवडून घेते आणि बाळाकडे पोचवते. म्हणजे अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या बाळाला हा साठा करायला वेळच मिळत नाही.

आता अडचण बघा. अल्फा-लिनोलेनिकपासून डीएचए बनतं, पण अगदी थोडं. शिवाय दोन्ही आवश्यक मेदाम्लांवर काम करणारं विकर एकच. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाट कमी मिळते. नेहमीच्या करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक भरपूर असतं, शेंगदाणा तेलातही बऱ्यापैकी असतं. अल्फा-लिनोलेनिक मात्र तिन्हींत जवळजवळ नाहीच. याउलट जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास तेच असतं. मोहरी, सोयाबीन आणि अक्रोडातही ते मिळतं.

मग ओमेगा-3 वाढवून नेमका काय फायदा होतो? फेरो बेटांवरच्या मासे खाणाऱ्या स्त्रियांवरून 1986 साली संशोधकांनी असा अंदाज मांडला, की सागरी मेदामुळे गर्भारपण थोडं लांबत असावं. पुढे बऱ्याच चाचण्या झाल्या. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 70 चाचण्या आणि जवळपास 20,000 स्त्रिया होत्या. 37 आठवड्यांआधीची बाळंतपणं हजारात 134 वरून 119 वर आली आणि 34 आठवड्यांआधीची 46 वरून 27 वर. मुलांच्या बुद्धीत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा ‘हुशार बाळासाठी’ म्हणून कुणी कॅप्सूल विकत असेल, तर जरा थांबा. खरा फायदा आहे तो बाळ पोटात पुरेसे दिवस राहण्याचा, आणि तो काही लहान नाही.

चिठ्ठीतून एका ताईंनी विचारलंय, “आम्ही मासे खात नाही, मग काय करायचं?” जवसाची चटणी रोज चमचाभर खा. जवस भाजून कुटूनच खा, कारण अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. एवढ्यावर डीएचएची गरज भागेलच असं नाही. शेवाळापासून काढलेलं शाकाहारी डीएचए मिळतं, ते डॉक्टरांना विचारून घेता येईल. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली असे लहान, तेलकट मासे आठवड्यातून एक-दोनदा नीट शिजवून खावेत. मोरीसारख्या मोठ्या, शिकारी माशांत पारा साठतो, ते या काळात टाळावेत. आणि कॉड लिव्हर ऑइल मनाने सुरू करू नका. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं आणि गर्भारपणात ते जास्त झालं, तर बाळाला अपाय होऊ शकतो.

घरातलं तेल एकदम बदलायची गरज नाही. पण ताटात ओमेगा-3 कुठून येतंय, हा प्रश्न लोहाच्या गोळीइतक्याच सहजपणे विचारला जायला हवा.