स्विच वारंवार बंद का पडतो?

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून आहे. मध्य प्रदेश शासनाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला. नागरिकांना दाखले ठराविक मुदतीत मिळावेत, हा त्यामागील हेतू होय. हे काम आता संगणकांच्या जाळ्यावर चालते. एखादा शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या टोल्यावरून दाखल्यासाठी येतो आणि ऐन गर्दीच्या वेळी जाळे बंद पडते, तेव्हा कायद्याने दिलेली हमी एका लहानशा पेटीपाशी अडून राहते. ही पेटी म्हणजे नेटवर्क स्विच.

कार्यालयातील किंवा शाळेतील सर्व संगणकांच्या केबली स्विचमध्ये एकत्र येतात. एका संगणकाचा संदेश नेमका दुसऱ्याकडे पोहोचविणे, हे त्याचे काम. तो मध्येच बंद होऊन आपोआप सुरू झाला, तर काही मिनिटे सर्वांचेच काम थांबते.

दोष कसा ओळखावा?

प्रथम दिव्यांकडे पाहावे. एकच दिवा विझला, तर बहुधा त्या केबलीत दोष असतो. सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागले, तर स्विचच नव्याने सुरू झाला, असे समजावे. अनेक स्विचांतील नोंदी बंद पडताच पुसल्या जातात. म्हणून त्या दुसऱ्या संगणकावर साठविण्याची व्यवस्था करावी. तसेच प्रत्येक वेळी तारीख, वेळ व त्या वेळी चालू असलेली उपकरणे नोंदवहीत लिहावीत.

भार वाढताच दोष का प्रकटतो?

बहुधा मूळ वीजपुरवठ्यात असते. काही स्विच कॅमेऱ्यांना केबलीतूनच वीज पुरवितात. एका जुन्या मानकानुसार प्रत्येक जोडणीस १५.४ वॅटपर्यंत वीज द्यावी लागते. म्हणजे आठ जोडण्यांस सुमारे १२३ वॅट. रात्री कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे लागले की मागणी वाढते. अडॅप्टर जुना असल्यास तो थोडा भार पेलतो, परंतु पूर्ण भाराखाली त्याचे व्होल्टेज घसरते व स्विच बंद पडतो.

उष्णता हे दुसरे कारण. सामान्य कार्यालयीन स्विच बहुधा ४० ते ५० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. मे महिन्यात बंद कपाटातील हवा याहून तापू शकते. एकाच केबलीची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये खोचली गेल्यास संदेश गरगर फिरत राहतात व भार अकारण वाढतो.

उपाय

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे खरे कारण निश्चित कळते. प्रथम काही कॅमेरे तात्पुरते काढून पाहावेत. दोष थांबल्यास तितक्याच व्होल्टेजचा व पुरेशा वॅटचा नवा अडॅप्टर लावावा. त्यानंतर यूपीएस, अर्थिंग, पंखा व धूळ यांची तपासणी करावी. स्विचमधील प्रणाली अद्ययावत करण्याचे काम त्यानंतरचे. वीजपुरवठ्याची पेटी स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही तिच्यात घातक विद्युत्भार राहू शकतो.

घाईने नवा स्विच आणल्यास खर्च होतो. जुना अडॅप्टर किंवा बंद कपाट तसेच राहिल्यास दोषही तसाच राहतो. नोंदवहीतील चार ओळी मात्र तंत्रज्ञाचे निम्मे काम करतात, आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाची दुसरी फेरी वाचवितात.