एक बिल भरायचं राहिलं आणि २१ तासांचं अंतराळ युद्ध पेटलं, ‘ईव्ह ऑनलाइन’ची गोष्ट

वीजबिल भरायचं विसरलं तर काय होतं? आधी मेसेज येतो, मग नोटीस येते आणि अगदीच दुर्लक्ष केलं तर एक दिवस महावितरणचा माणूस येऊन कनेक्शन तोडून जातो.

जानेवारी २०१४ मध्ये असंच एक बिल भरलं गेलं नाही. ते बिल एका गेममधलं होतं. ज्या कंपनीने ते भरायचं होतं ती गेममधली, आणि ज्या सूर्यमालेसाठी भरायचं होतं तीही गेममधलीच. पण त्यानंतरचे २१ तास वेगवेगळ्या देशांतले साडेसात हजारांहून जास्त लोक आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसून एकमेकांशी लढले. लढाई संपली तेव्हा जगभरच्या बातम्यांमध्ये आकडा झळकत होता, तीन लाख डॉलर पाण्यात!

गेमचं नाव ईव्ह ऑनलाइन. अंतराळातले गेम आणि स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांमध्ये या गेमवरून कायम दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, याच्यासारखा गेम झालेला नाही. दुसरा म्हणतो, हा गेम कसला, ही तर ऑफिसातली दुसरी पाळी. गंमत म्हणजे दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. ती गोष्ट कळायची असेल तर ही लढाई नीट समजून घ्यायला लागते.

तर हा गेम आला ६ मे २००३ ला. बनवला आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीने. गेममधल्या पैशाला ‘इस्क’ म्हणतात. आइसलँडच्या खऱ्या चलनाचा, क्रोनाचा आंतरराष्ट्रीय कोडही नेमका तोच आहे.

या गेममध्ये सात हजारांहून जास्त सूर्यमाला आहेत आणि चीन सोडला तर जगभरातले खेळाडू एकाच विश्वात खेळतात. बाकीच्या बऱ्याच ऑनलाइन गेममध्ये एकाच जगाच्या अनेक प्रती चालू असतात, म्हणजे तुमच्या प्रतीत काय घडलं ते शेजारच्या प्रतीत कुणाला माहितही नसतं. इथे तसं नाही. एक किल्ला पडला की तो सगळ्यांसाठी पडला.

दुसरा नियम जास्त कडक. जहाज फुटलं की गेलं. परत मिळत नाही. फार तर विम्याचे थोडे पैसे हातात येतात.

साधं वाटतं, पण अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमचा इतिहास पाहिला तर हे किती वेगळं आहे ते लक्षात येतं. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ नावाचा गेम आला. त्याच्याबद्दल लिहिताना अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने ‘फोर एक्स’ हा शब्द वापरला. शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा, अशा चार क्रियापदांचा तो गेम. एका ग्रहापासून सुरुवात करायची आणि आकाशगंगा ताब्यात घ्यायची. २०१६ मध्ये आलेला स्वीडनच्या पॅराडॉक्सचा ‘स्टेलारिस’ही त्याच घराण्यातला.

या घराण्याबद्दल खेळाडूंची एक जुनी तक्रार आहे. सुरुवातीचे तास भन्नाट जातात. पुढच्या ताऱ्याजवळ काय असेल, शेजारी कोण असेल, काहीच माहीत नसतं. पण अर्ध्या वाटेवर कळून चुकतं की आपण जिंकलोय. मग उरलेला वेळ फक्त नकाशा रंगवत बसायचा. आणि हरत असलात तर? तासाभरापूर्वीचा सेव्ह उघडायचा, की झालेली चूक झालीच नाही.

काही गेमनी यावर उपाय शोधले. १९९९ च्या ‘होमवर्ल्ड’मध्ये एका मोहिमेत वाचलेली जहाजं पुढच्या मोहिमेत तुमच्याबरोबर येतात. त्यामुळे आज एक जहाज फुकट घालवलं तर त्याची किंमत पुढच्या मोहिमेत कळते. पण तिथेही सेव्ह आहेच. ईव्हमध्ये तो नाही.

आता बिलाकडे येऊ.

ईव्हच्या बाहेरच्या भागात पोलीस नाहीत, कायदा नाही. तिथल्या सूर्यमाला खेळाडूंच्या आघाड्या ताब्यात ठेवतात आणि त्या ताब्यासाठी ठरावीक काळाने गेममधलं बिल भरायला लागतं. बी-आर५आरबी ही अशीच एक सूर्यमाला. २०१३ च्या अखेरीपासून दोन मोठे गट एकमेकांशी झुंजत होते. एका बाजूला एन३ आणि पॅन्डेमिक लीजन, दुसऱ्या बाजूला सीएफसी आणि त्यांचे रशियन मित्र. बी-आर५आरबी मधलं स्टेशन हे पॅन्डेमिक लीजनचं पुढचं ठाणं होतं. जहाजं तिथे, सामान तिथे, माणसं तिथे.

२७ जानेवारीला या सूर्यमालेचं बिल भरलं गेलं नाही. ताबा सुटला. आता तिथे जाऊन कुणीही आपला झेंडा रोवू शकत होतं आणि स्टेशन ताब्यात घेऊ शकत होतं. शत्रूने स्टेशन घेतलं की तुमचं सगळं सामान आत आणि तुम्ही बाहेर. घराचं कुलूप कुणीतरी बदलून टाकावं तसं.

सीएफसी आणि रशियन गटाला ही संधी दिसली आणि ते घुसले. पॅन्डेमिक लीजन आणि एन३ ला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी आपली सगळ्यात मोठी जहाजं मैदानात उतरवली. त्या जहाजांना टायटन म्हणतात.

टायटन म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. गेममधल्या मापाने त्याची लांबी दहा किलोमीटरहून जास्त. पण खरी गोष्ट लांबीची नाही. हे जहाज दुकानातून विकत आणलेलं नसतं. कुणीतरी लघुग्रह फोडून खनिज काढतं, कुणीतरी ते वाहून नेतं, वाटेत लुटारू असतात म्हणून कुणीतरी राखण करतं, मग सुटे भाग बनतात आणि शेवटी जहाजाची बांधणी आठवडेच्या आठवडे चालते. ते चालवणाऱ्याला लागणारी कौशल्यं शिकायला तेव्हा त्याहून जास्त काळ जायचा. तेव्हा ईव्हमध्ये कौशल्य खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढायचं, घाई चालायची नाही. त्यामुळे एका टायटनमागे अनेक माणसांचे अनेक महिने असतात. त्याआधी कित्येक वर्षं टायटन पडलं की ती बातमी व्हायची.

टायटनकडे ‘डूम्सडे’ नावाचं अस्त्र असतं. ते एकदा डागलं की पुन्हा डागायला दहा मिनिटं लागतात. शिवाय तेवढा वेळ टायटनला उडी मारून दुसऱ्या सूर्यमालेत पळताही येत नाही. म्हणजे अस्त्र डागणं हा एक शब्द दिल्यासारखा प्रकार आहे. आता इथेच थांबायचं, काय होईल ते होईल.

त्यात सर्व्हरची भानगड. हजारो लोक एका जागी जमले की कॉम्प्युटरला हिशोब झेपत नाही. यावर सीसीपीने केलेला तोडगा अफलातून आहे. गर्दी झाली की गेममधला काळच हळू करायचा. अगदी दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे गेममधल्या एका सेकंदाला घड्याळातले दहा सेकंद. मग त्या दहा मिनिटांचं काय झालं? एक तास चाळीस मिनिटं! अस्त्र डागायचं आणि पुढची पावणेदोन तास समोरच्याची अस्त्रं आपल्यावर येताना बघत बसायचं. या काळात लोक जेवून आले, कामावर जाऊन आले, झोपा काढल्या. काहींना कामावर असताना निरोप गेले, जमेल तसं लॉगिन करा.

त्यामुळे ही लढाई नेमबाजीची राहिली नाही. कुणाकडे किती माणसं, कोणत्या देशात आता रात्र आहे, कोण थकलंय, कोणत्या टायटनवर सगळ्यांनी मिळून अस्त्र डागायचं, हा हिशोब जास्त महत्त्वाचा झाला. प्रत्येक फेरीत तुमचं एक टायटन जादा पडलं की पुढच्या फेरीत तुमच्याकडे एक अस्त्र कमी. तूट हळूहळू वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर भरून निघत नाही. एन३ आणि पॅन्डेमिक लीजनचं तेच झालं. त्यांनी माघार घ्यायचं ठरवलं तेव्हा शत्रूच्या छोट्या जहाजांनी आजूबाजूला असे फुगे टाकून ठेवले होते की ज्यांच्या आत असताना उडी मारता येत नाही. हजारो पट स्वस्त जहाजांनी महाकाय जहाजं अडकवून ठेवली.

शेवट कसा झाला तेही ऐका. ईव्हचा सर्व्हर रोज ठरलेल्या वेळी, आपल्या दुपारी साडेचारला, देखभालीसाठी बंद व्हायचा. २८ जानेवारीला तो बंद झाला आणि युद्ध थांबलं. जी टायटन तोवर टिकली ती वाचली.

हिशोब असा. एकूण ७५ टायटन नष्ट. त्यातली ५९ एन३ आणि पॅन्डेमिक लीजनची, १६ समोरच्यांची. एकूण नुकसान सुमारे ११ ट्रिलियन इस्क. आणि बातम्यांमध्ये आलेला आकडा तीन लाख डॉलर किंवा त्याहून जास्त, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांच्या वर.

हा डॉलरचा आकडा मात्र जरा जपून घ्यायला हवा. तो येतो कुठून? ईव्हमध्ये ‘प्लेक्स’ नावाची वस्तू आहे. ती खऱ्या पैशाने विकत घेता येते आणि गेममध्ये इस्क घेऊन दुसऱ्याला विकता येते. त्या दराने इस्कचे डॉलर काढले की तीन लाख होतात. पण ती टायटन बहुतेक करून खेळाडूंनी खोदलेल्या आणि लढून मिळवलेल्या संपत्तीतून उभी राहिली होती. कुणाच्या बँक खात्यातून त्या दिवशी तीन लाख डॉलर गेले नाहीत. इस्क विकून खरे पैसे घेणं तर नियमातच बसत नाही. गेली ती माणसांची संध्याकाळ. शेकडो लोकांच्या, कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी. त्याची किंमत डॉलरमध्ये सांगितली की बातमी होते, एवढंच.

आता सुरुवातीच्या दोन तटांकडे. ईव्हला चेष्टेने ‘अंतराळातली स्प्रेडशीट’ म्हणतात. नवीन माणूस हौसेने अंतराळयान उडवायला येतो आणि त्याला खनिजांचे भाव, वाहतुकीचा खर्च, इंधनाची यादी दिसते. चेष्टा इतकी खरी आहे की २०२२ मध्ये सीसीपीने मायक्रोसॉफ्टबरोबर मिळून गेममधली माहिती थेट एक्सेलमध्ये नेण्याची सोय जाहीर केली, आणि खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. नावडणारे म्हणतात, दिवसभर ऑफिसात हेच करून घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला? त्यांचं चुकीचं नाही. ज्याला तासभर खेळून उठायचंय त्याने या वाटेला जाऊच नये.

पण आवडणाऱ्यांचं म्हणणंही बी-आर५आरबी मधून कळतं. रसद, हिशोब, बिल, रात्रपाळी हे इतर गेममध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. इथे ते माणसं सांभाळतात आणि माणसं चुकतात. गमावलेलं परत मिळत नसल्याने ती चूक महागात पडते. इतकी जपायची गोष्ट असली की हेर येतात, फितुरी येते, तह येतात. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या तेव्हाच्या बलाढ्य आघाडीतला एक पदाधिकारी शत्रूला जाऊन मिळाला आणि जाता जाता त्याने आपल्या अधिकारात आघाडीच विसर्जित करून टाकली. एक गोळी झाडावी लागली नाही.

आणि जिथे तह होतात तिथे वकील लागतात, जुन्या अर्थाने वकील. ‘व्हाइल रॅट’ या नावाने खेळणारा एक जण गून्सवॉर्म या आघाडीचा असा वकील होता. कोणाशी बोलायचं, कोणाला फोडायचं, कोणाला शब्द द्यायचा हे तो पाहायचा. त्याने आखलेल्या मैत्रीवर नकाशे बदलले. खेळाडूंनी निवडलेल्या सल्लागार मंडळावरही तो होता. त्याचं खरं नाव शॉन स्मिथ. तो अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होता आणि ११ सप्टेंबर २०१२ ला लिबियातल्या बेंगाझीमध्ये झालेल्या हल्ल्यात राजदूत ख्रिस स्टीव्हन्स यांच्याबरोबर मारला गेला.

बातमी आल्यावर ईव्हमधल्या आघाड्यांनी, त्यात त्याच्या शत्रूही आल्या, आपापल्या स्टेशनांची नावं बदलून त्याच्या नावाने ठेवली. नकाशा उघडला की ठिकठिकाणी व्हाइल रॅट लिहिलेलं दिसायचं.

बी-आर५आरबी नंतर मोठ्या लढाया झाल्या. २०२० च्या अगदी शेवटी एम२-एक्सएफई मध्ये तर २५७ टायटन पडली. तरी जुन्या लढाईची जागा वेगळी. सीसीपीने त्या सूर्यमालेत फुटलेल्या टायटनचे प्रचंड सांगाडे कायमचे तरंगत ठेवले आहेत आणि त्या स्मारकाला ‘टायटनोमाची’ असं नाव दिलंय. तिथे जायची वाट धोक्याची आहे. तरी नवीन खेळाडू स्वस्तातलं एखादं जहाज घेऊन निघतात, वाटेत एक-दोनदा मारले जातात, आणि पुन्हा निघतात.