आधी घरच्या भाकरीची ज्वारी पेरा



रब्बीचा विचार सुरू झाला की ऊस, मका, कांदा यांचा हिशेब सगळेच मांडतात. यंदा आधी घरच्या ज्वारीचा मांडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी 35-1 आपल्या मोहोळचं. आणि आपल्याच कितीतरी घरांत ज्वारी आता दुकानातून किलोनं येते.

पाच माणसांचं घर, रोज सव्वा किलो पीठ धरलं तर वर्षाला साडेचार क्विंटल ज्वारी लागते. साल बरं असेल तर मध्यम रानातला कोरडवाहू एकर तेवढी देतो. वर कडबा मिळतो, तो दावणीला. हे पीक परतीच्या पावसाच्या ओलीवर येतं, बोअरवर ताण नाही.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, वापसा बघून. एकरी 4 किलो बी, दोन ओळींत 45 सें.मी. घरचं बी असेल तर काणी येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक (300 मेश) चोळा. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात मालदांडी किंवा फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं करा, भेगा बुजतात आणि ओल टिकते. एकच पाणी देता येत असेल तर पोटरीत, 50 ते 55 दिवसांनी द्या. बांधाकडेनं करडईच्या चार ओळी टाका; काट्यामुळं जनावर आत शिरत नाही, घरचं तेलही होतं.

आता खाण्याचं. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 च्या आत. पोट साफ राहतं, भूक लवकर लागत नाही. पण भाकरीनं साखरेचा आजार बरा होतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, डॉक्टरांची गोळी चालूच ठेवा. पोरं भाकरीला नाक मुरडतात? धपाटे करा, कण्या करा, उन्हाळ्यात आंबील द्या. हुरड्याला तर बोलवावं लागत नाही.

काढणीला माणूस मिळत नाही ही तक्रार खरी आहे. सगळं रान ज्वारीखाली घ्या असं आम्ही म्हणतच नाही. एका एकराची काढणी दोन-तीन घरांनी सावड करून उरकते.

आणखी एक, माउलींसाठी. भाकरी थापताना चिरत असेल तर बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, पिठाची विरी गेलेली असते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरा. बियाण्याची कणसं मात्र मळणीआधीच, रानाच्या मधल्या भागातली निवडून वेगळी बांधा.