हिरड्यांजवळच्या फटी : आधी हिरडीचे आरोग्य, मग दातांचे सौंदर्य

हसताना दोन दातांच्या मध्ये, अगदी हिरडीलगत, लहानसा काळा त्रिकोण दिसू लागला की अनेकांना संकोच वाटतो. ही फट बुजविता येते. परंतु ती का पडली, हे आधी जाणून घ्यावे. तंजावर परिसरातील मराठी कुटुंबांसाठी ही माहिती देण्यात येत आहे.

फट का पडते?
दोन दातांमधील जागा हिरडीचे टोक भरून काढते आणि त्या टोकाला खालच्या हाडाचा आधार असतो. दात एकमेकांना टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटरपर्यंत असल्यास ही जागा बहुधा भरलेली राहते. अंतर वाढल्यास ती मोकळी पडते. हिरड्यांच्या जुनाट आजाराने हाड झिजते. तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह ही झीज वाढवितात. काहींच्या दातांचा आकारच त्रिकोणी असतो, तर काहींना तारेने दात सरळ केल्यानंतर फट दिसते.

एक गैरसमज
‘दात साफ करून घेतले आणि फटी पडल्या’, असे अनेकजण म्हणतात. वस्तुतः ती जागा किटणाने आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली असते. किटण निघून सूज उतरली की पूर्वीच झालेली हानी दृष्टीस पडते. या भीतीने सफाई टाळल्यास हाड झिजत राहते व दात हलू लागतात.

उपचार कोणते?
हिरडी निरोगी झाल्यावर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावून फट बुजविता येते. यासाठी दात फारसा घासावा लागत नाही. मात्र कॉफीने त्यावर डाग पडू शकतात व कडा तुटू शकतात. काही ठिकाणी हिरडीत हायल्युरॉनिक आम्लाचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम कायम टिकत नाही. आजारी हिरडीवर असे उपचार करणे म्हणजे ओल मुरलेल्या भिंतीला रंग देणे होय.

आपण काय करावे?
• हिरडीतून रक्त येणे, दुर्गंधी किंवा दात हलणे ही लक्षणे दिसताच शासकीय रुग्णालयाच्या दंतविभागात तपासणी करून घ्यावी.
• उपचार दंतपरिषदेकडे नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडूनच घ्यावेत. ब्युटी पार्लरमध्ये नव्हे.
• फटीत मावेल असा छोटा ब्रश रोज वापरावा. टाचणी अथवा काडी घालू नये.
• कुंभकोणमच्या पानांचा विडा आपल्या घरी मानाचा असला, तरी त्यात तंबाखू व सुपारी घालू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर साहाय्य मिळते.
• क्ष-किरण चित्र व तपासणीचे कागद जपून ठेवावेत. दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालातही रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. पुढच्या तपासणीत झीज थांबली की वाढली, हे अशा नोंदींवरूनच कळते.

झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. उरलेले राखणे मात्र आपल्या हाती आहे.