दम नक्की कोणाला लागतो?



नेकारसुल्मच्या शॉयरबर्गवर, म्हणजे आपल्या गावामागच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर, पहिल्यांदा चढलो तेव्हा अर्ध्या वाटेतल्या बाकावर बसून धापा टाकत होतो. तेवढ्यात सत्तरीच्या एक आजीबाई "मॉर्गन!" म्हणत शेजारून निघून गेल्या. दिवसभर संगणकासमोर बसून आपली फुप्फुसे कामातून गेली, असे मी ठरवून टाकले. नंतर वाचल्यावर कळले की बिचाऱ्या फुप्फुसांचा दोष नव्हता!

बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पूर्ण जोर लावला की हाच आकडा २० लिटरच्या आसपास जातो. श्वासातली हवा तर ६-८ लिटरवरून १०० लिटरच्या पुढे! निरोगी फुप्फुसे इतके करूनही थोडी ताकद राखून असतात. अडते ते बहुधा रक्ताच्या वाहतुकीपाशी.

हा हिशेब मांडला तो इथून तासाभरावरच्या वुर्झबुर्गमध्ये, १८७० साली, आडोल्फ फिक यांनी. हृदयातून निघालेल्या आणि परत आलेल्या रक्तातल्या प्राणवायूचा फरक काढायचा आणि त्याला रक्ताच्या प्रवाहाने गुणायचे, की शरीराने किती प्राणवायू वापरला ते कळते. आम्हा इंजिनियर लोकांना आवडावे असे साधे समीकरण!

नियमित व्यायामाने यातल्या दोन्ही संख्या वाढतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय दर वेळी जास्त भरते. पुढे काही महिन्यांत पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, स्नायू जास्त प्राणवायू शोषून घेतात. ठोक्यांची कमाल मर्यादा मात्र वाढत नाही, ती वयानुसार घटतच जाते. फुप्फुसेही जवळजवळ तेवढीच राहतात. पण त्याच चढावर स्नायूंत आम्ल कमी तयार होते, म्हणून धाप कमी लागते. (हिवाळ्यात दोन-तीन आठवडे घरात बसलात, तर वाढलेला द्रव तितक्याच झटपट ओसरतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव!)

सुरुवातीला बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. सरकारी विमा असेल तर पस्तिशीनंतर दर ३ वर्षांनी तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्या. आणि चढताना छातीत दाबल्यासारखे झाले तर तो 'दम' समजू नका. थांबा आणि ११२ ला फोन करा.

त्या बाकावर मी अजूनही बसतो, पण आता फक्त नेकार नदी बघायला.