पर्यावरण-मूल्यमापनातील संयुक्त संशोधनपद्धती

नदी, अरण्य, पाणथळ भूमी इ. ज्या नैसर्गिक घटकांची बाजारात खरेदी-विक्री होत नाही, त्यांचे समाजाच्या दृष्टीने असलेले मोल ठरविण्याच्या प्रक्रियेस पर्यावरण-मूल्यमापन म्हणतात. असे मोल न ठरविल्यास प्रकल्पांच्या लाभ-परिव्यय विश्लेषणात ते बहुधा शून्यच धरले जाते.

हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये सुचविलेल्या प्रवासखर्च पद्धतीत एखाद्या स्थळी जाण्यासाठी लोक करीत असलेल्या खर्चावरून त्याचे मोल काढतात. तेथे कधीच न जाणाऱ्यांच्या लेखी असलेले मोल तीत येत नाही. काल्पनिक बाजार पद्धतीत संरक्षणाची एखादी योजना वर्णन करून तिच्यासाठी किती रक्कम देण्याची तयारी आहे, हे लोकांनाच विचारतात. १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्याजवळ सु. ४ कोटी लि. तेल सांडले. नंतरच्या पाहणीत, तशी दुर्घटना टाळण्यासाठी दर कुटुंबाची तयारी (मध्यक) सु. ३१ डॉलर आढळली व त्यावरून एकूण हानी २८० कोटी डॉलर काढण्यात आली. या पद्धतीविषयी वाद झाल्यावर केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३ मध्ये, प्रत्यक्ष मुलाखती घ्याव्यात आणि उत्तरामागील कारणही विचारावे, अशा शिफारशी केल्या.

इंग्लंडच्या पूर्व ससेक्समधील पेव्हन्सी लेव्हल्स या पाणथळ कुरणांच्या संवर्धन-योजनेसंबंधीही अशी पाहणी झाली. पुढे जॅक्वेलिन बर्जेस, जूडी क्लार्क व कॅरोलिन हॅरिसन यांनी त्यातील काही उत्तरदात्यांशीच सखोल गटचर्चा केल्या. रक्कम कशाच्या आधारे सांगावी हे उमगले नव्हते, निसर्गाचे मोल पैशांत मांडता येत नाही, निर्णयप्रक्रियेतच स्थानिकांना स्थान हवे, अशी मते त्यांत पुढे आली.

यावरून असे दिसते की, पद्धतींचा संयोग म्हणजे दोन निष्कर्ष शेजारी मांडणे नव्हे. पाहणीत ‘शून्य’ सांगणारा उदासीन, निर्धन किंवा निषेध करणारा असू शकतो. ते केवळ आकड्यावरून कळत नाही. देण्याची तयारी उत्पन्नाने सीमित होत असल्याने अरण्यावर पोट असलेल्याचा आकडा शहरातील हौशी प्रवाशापेक्षा लहान ठरू शकतो. उलट, गटचर्चेत थोडेच लोक असतात, त्यांत बोलक्यांचा प्रभाव पडतो आणि तिचे निष्कर्ष साऱ्या लोकसंख्येस लागू करता येत नाहीत. म्हणून दोहोंत विसंगती आढळल्यास संशोधकाने ती त्रुटी म्हणून वगळू नये. आपण विचारलेला प्रश्नच योग्य होता का, हे तपासावे व अंतिम आकड्यासोबत ती विसंगतीही निर्णयकर्त्यांपुढे ठेवावी.